मांडीवरची कोंबडी

कुहीहून नागपूरला येणाऱ्या एसटीत माझी सहा वर्षांची लेक दिसेल त्याला चिमटे काढत होती. घरी, शाळेतही तेच, आणि माझ्याकडे औषध एकच, चापट. मी हात उगारला तशी शेजारच्या अनोळखी बाईने आपली कोंबडी लेकीच्या मांडीवर ठेवली आणि पाठ थोपटून दाखवली.

"अशी थोपट वं माय. भेली तर अंडं देत नाही हे."

लेक श्वास रोखून थोपटत राहिली. नागपूर यायच्या आत कोंबडीने खरंच अंडं दिलं. अख्खी बस हसली. बाईने ते लेकीलाच देऊन टाकलं.

पन्नास वर्षं होत आली. तिचं नाव विचारायचं राहिलंच. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरापर्यंत ते कोमट अंडं लेकीच्या ओंजळीत होतं, आणि माझा हात तिच्या पाठीवर.