आठ दिवस आधीची येळवस

मी लोहाऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या शेतातले व्हिडिओ काढतो. आज हे सरळ लिहिता येतं. मध्यंतरी मात्र मी शाळाच सोडायला निघालो होतो.

त्याला निमित्त येळवशीचं. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं सगळा गाव शेतात जेवतो. कडब्याची खोपटासारखी कोप उभी करायची, आंबिलीनं भरलेला बिंदगा, म्हणजे घागर, डोक्यावरून न्यायचा आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाका मारमारून जेवायला बसवायचं. एका वर्षी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आंबील शिंपडत शेताला फेरी घालतानाचा व्हिडिओ टाकला. तो कुठल्या कुठं पोचला. पुण्यातून, दुबईतून लोक लिहू लागले आणि माझं डोकं फिरलं. पुढच्या येळवशीच्या तोंडावर, आता हाच धंदा, असं ठरवून हेडसरांच्या हातात राजीनामा ठेवला. अण्णा एवढंच म्हणाले, "बघ बाबा. तुला पटंल ते कर."

धंदा म्हटलं की वेळ पाळावी लागते. येळवशीचा व्हिडिओ त्याच सकाळी लोकांपुढं हवा, म्हणून मी आठ दिवस आधीच कोप उभी केली. अण्णांना फेटा बांधून आणलं. आंबील कोण करत बसणार? शिंपडायला तांब्यात पाणी घेतलं आणि रिकाम्या बिंदग्यावर फडकं बांधून तो कोपीत ठेवला.

फेरी संपली आणि शेजारच्या रानातले चाचा टोपी सारखी करत लगबगीनं आले. दरवर्षी न चुकता आमच्या कोपीत जेवणारा हा माणूस.

"आज हाय व्हय येळवस? मला वाटलं पुढल्या हप्त्यात. कोप दिसली म्हणून भाकर तशीच ठिवून आलो," म्हणत ते मांडी घालून बसले.

अण्णांनी सवयीनं पेला घेतला, फडकं सोडलं आणि बिंदगा वाकवला. काहीच आलं नाही. त्यांनी आणखी वाकवला.

"असू द्या, मला भूकच न्हाय," चाचा हसून म्हणाले आणि निघून गेले. अण्णा रिकामा बिंदगा मांडीवर घेऊन बसून राहिले. "आपल्या कोपीतनं आजवर कुणी उपाशी गेलं नव्हतं रं." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी हेडसरांपुढं उभा राहिलो. राजीनामा परत मागायला तोंड नव्हतं. माझ्याकडं बघून त्यांनीच ड्रॉवर उघडला. "पुढं पाठवायचं राहूनच गेलं बघा माझ्याकडनं." एक कागद टेबलावर रेंगाळू न देणारा माणूस! त्या खोटं बोलण्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

खऱ्या येळवशीला सकाळीच चाचांच्या घरी जाऊन माफी मागितली. "येडा हायस," म्हणाले आणि माझ्याबरोबरच शेतात आले. मोबाईल मी कडब्यात खोचून ठेवला होता.

चाचांनी बसायच्या आधी बिंदग्यावर टिचकी मारली. आवाज भरीव आला. "आज खरी हाय," ते म्हणाले आणि अण्णा इतके हसले की पेल्यातली आंबील धोतरावर सांडली.

तीन पेले रिचवून, ढेकर देऊन चाचा माझ्याकडं वळले. "आता काढ की तुझा व्हिडिओ. पोट भरल्यावर माणूस बरा दिसतो."