न धुतलेली खसखस

घोडपदेवच्या माया चिंदरकरांच्या अनारशाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. बावीस वर्षं त्या फराळाच्या ऑर्डरी घेत होत्या. चकली, करंजी, शेव सगळंच करायच्या, पण लालबाग-परळहून माणसं वाट वाकडी करून यायची ती अनारशांसाठी. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, सावलीत सुकवायचा, कुटून चाळून गुळात मळायचा आणि मग डबा बंद. पीठ मुरेपर्यंत घरात कोणी त्या डब्याला हात लावला तर मायाताई त्याच्याशी दोन दिवस बोलत नसत.

स्वच्छतेचं त्यांना वेड होतं. ही बाई साबणसुद्धा वापरण्याआधी धुऊन घेते, असं चाळीत म्हणायचे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

त्यांचे यजमान विकास रेसकोर्सवर हर्षवर्धन शितोळे नावाच्या ट्रेनरकडे कामाला होते. घोडा मालकाचा असतो, पळवतो जॉकी, पण त्याचं खाणंपिणं, व्यायाम, दुखणंखुपणं सगळं ट्रेनरच्या माथी. शितोळेंच्या तबेल्यातल्या दाणा-चाऱ्याच्या खोलीची किल्ली विकासकडे असे. दर दिवाळीला मायाताई साहेबांसाठी अनारशांचा एक डबा पाठवत. साहेब तो त्याच खोलीत ठेवत आणि रोज एक-दोन असे पुरवून पुरवून खात.

त्या वर्षी डबा तुळशीच्या लग्नापर्यंत पुरला. तिथेच सगळं बिघडलं.

शितोळेंकडे एक घोडा होता, क्विक डिसिजन. नाव असं, आणि स्वभाव असा की दारातून बाहेर पडावं की नाही यावर तो दहा मिनिटं विचार करायचा. मोठ्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्याने दाण्याला तोंड लावलं नाही. शितोळे तेव्हा अनारसा खात उभे होते. घोड्याने मान लांब केली. साहेबांनी हातातला अर्धा दिला. तो खाल्ला म्हणून आणखी चार दिले. मग घोड्याने दाणाही खाल्ला आणि साहेब समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी क्विक डिसिजनवर भरवसा टाकला होता. दहा घोडे पळाले, तो नववा आला. रेसकोर्सवर जिंकलेल्या घोड्याची लघवी तपासतात, तशी ज्याने आशा लावून निराशा केली त्याचीही तपासतात. अहवाल आला: मॉर्फिन. अगदी कणभर, पण मॉर्फिन.

तीस वर्षांत शितोळेंवर एक ठपका नव्हता. तबेल्याची झडती झाली. साहेबांचं खोकल्याचं औषध जप्त झालं, विकासच्या डब्यातली डाळसुद्धा हुंगून पाहिली. काही मिळेना. शेवटी साहेबांच्या वकील नूपुर वर्दे यांनी त्यांना समोर बसवून विचारलं, की घोडा राहू द्या, तुम्ही स्वतः त्या दिवशी काय काय खाल्लंत ते सांगा. साहेबांनी सांगितलं. नूपुर लिहिता लिहिता थांबली. अनारशावर खसखस असते, आणि खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. मॉर्फिन अफूतूनच निघतं.

विकास घरी आले, चप्पल न काढताच दारात उभे राहिले आणि सगळी हकीकत सांगून मोकळे झाले. अफू, वकील, चौकशी हे सगळं मायाताईंनी शांतपणे ऐकलं. त्यांना लागलं ते वेगळंच. पाच दिवस खपून केलेले अनारसे साहेबांनी घोड्याला घातले होते.

चौकशीचा दिवस ठरला. साक्षीला मायाताईंना बोलावणं आलं. त्यांनी लग्नाकार्यातली नारायणपेठ नेसली. एका लांबलचक टेबलामागे रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबचे तीन पंच बसले होते, मधले अध्यक्ष. शेजारी घोड्यांचे डॉक्टर, सौमित्र नावाचे. मायाताईंनी तांदूळ भिजवण्यापासून सुरुवात केली. टायपिस्टने सगळं उतरवून घेतलं. अध्यक्षांनी मध्येच गुळाचा प्रकार विचारला, त्याचा खटल्याशी काही संबंध नव्हता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "खसखस वापरण्याआधी तुम्ही धुता का?"

मायाताईंनी समोर पाहिलं. इस्त्रीचे कोट घातलेले तीन पुरुष, एक डॉक्टर, एक वकीलबाई, आणि प्रश्न असा की तुम्ही धुता का.

"तीन पाण्यांनी," त्या म्हणाल्या.

शितोळेंनी डोळे मिटले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की अफूचा चीक बीवर वरून लागलेला असतो, धुतला की बराचसा निघून जातो. तीन पाण्यांनी धुतलेल्या खसखशीतून मॉर्फिन आलं असेल असं ते सांगू शकत नाहीत. म्हणजे ते दुसरीकडून आलं. म्हणजे ते शितोळेंनी दिलं. नूपुरने घाईघाईने दहा मिनिटांची सुट्टी मागून घेतली.

बाहेर व्हरांड्यात विकासनी बायकोला बाजूला घेतलं. घरात भांडण आलं की दोघंही मालवणीवर येत. "तू खसखस कधी धुतलंस गो?"

"मगे काय सांगू? न धुतलेला खाऊक घालतंय म्हणान?"

"साहेबांचा लायसन जातला."

साहेबांनी अनारसे घोड्याला घातले हे मायाताईंच्या मनातून अजून गेलं नव्हतं. पण विकासच्या आजारपणात हाच माणूस तीन आठवडे रोज इस्पितळात येऊन बसला होता, आणि बोलायला काही सुचेना म्हणून घोड्यांची नावं सांगत राहिला होता, तेही त्यांना आठवत होतं. त्यांनी पदर खोचला आणि कोणी बोलावण्याआधीच आत गेल्या.

आपण मघाशी खोटं बोललो, असं त्यांनी उभ्यानेच सांगितलं. खसखस धुतली की तिचा गोळा होतो, मग ती अनारशाला धरत नाही. कोणीच धूत नाही. अध्यक्ष म्हणाले, असं कसं, आता तुम्ही जबानी बदलता आहात. मायाताईंना ते सहन झालं नाही.

"तुमच्या घरी विचारा," त्या म्हणाल्या. "आत्ता विचारा."

अध्यक्षांनी दोघा पंचांकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढला. पलीकडून त्यांच्या पत्नीने आधी सगळं ठीक आहे ना असं विचारलं, मग खसखस कोण धुतं असं विचारून फोन ठेवला. उजवीकडच्या पंचांनी आपल्या बहिणीला लावला, डॉक्टरांनी आईला. तिघींचं उत्तर एकच. टायपिस्टने ते कामकाजात नोंदवलं: "माननीय अध्यक्षांच्या निवासस्थानीही खसखस धुतली जात नाही."

तरी पुरावा हवा होता. त्यासाठी प्रयोग ठरला. मायाताईंनी पंचांच्या समोर अनारसे तळले, तेही क्लबच्या कँटीनच्या कढईत, ती आधी स्वतः घासून. डझनभर अनारसे दोन पाकिटांत, सहा-सहा, लाखेने मोहरबंद झाले, घोड्याच्या लघवीचे नमुने करतात तसे, एक तपासायला आणि एक राखीव. उरलेल्यांतले साडेचार एका निवृत्त घोड्याला खाऊ घातले आणि दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्याभोवती जमले.

घोड्याने लघवी करावी म्हणून रेसकोर्सवर शीळ घालतात. त्या कामाला एक माणूसच नेमलेला असतो. त्याने दोन तास शीळ घातली. अध्यक्ष खुर्चीवर, पंच झाडाखाली, नूपुर फाइल छातीशी धरून, शितोळे टोपी हातात घेऊन, आणि मायाताई मधोमध, सगळे त्या घोड्याच्या पोटाखाली बघत उभे. शीळवाल्याचे ओठ सुकले. शेवटी अध्यक्षच दोनदा उठून जाऊन आले. तिसऱ्या तासाला घोड्याने कृपा केली. शितोळेंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मायाताईंनी देवळात जोडतात तसे हात जोडले.

अहवालात मॉर्फिन निघालं, जवळजवळ तेवढंच. अनारशांच्या पहिल्या पाकिटातही निघालं. दुसरं पाकीट उघडलं तेव्हा लाख शाबूत होती आणि आत पाच अनारसे होते. त्याची वेगळी चौकशी लागली आहे.

निकाल लागला. शितोळेंनी घोड्याला जाणूनबुजून काहीही दिलेलं नाही हे निःसंशय सिद्ध झालं. परंतु घोड्याच्या अंगात जे सापडेल त्याला, ते कुठूनही येवो, ट्रेनरच जबाबदार असा नियम आहे. त्यामुळे निर्दोष शितोळेंना दंड आणि तीन महिने बंदी. एक वर्षाची व्हायची ती तीन महिन्यांवर आली, म्हणून नूपुरने पेढे वाटले. निकालात मायाताईंचा उल्लेख "पदार्थाच्या पुरवठादार" असा होता आणि अनारशाचा "बिस्कीट" असा. पहिल्याबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. दुसऱ्याबद्दल अर्ज केला. सहा आठवड्यांनी दुरुस्तीपत्र आलं.

बंदी असलेल्या ट्रेनरला तबेल्यात पाय ठेवता येत नाही. तीस वर्षं पहाटे चारला उठणारा माणूस करणार काय. शितोळे घोडपदेवला येऊ लागले. सकाळी साडेसहाला चाळीच्या जिन्याखाली गाडी लागायची. गॅलरीत खुर्ची टाकून ते चहा घेत आणि आत तळण चाललं असलं की स्टॉपवॉच घेऊन कढईपाशी उभे राहत. कुठला अनारसा किती सेकंदांत फुलला ते मोठ्याने सांगत. मायाताईंना आधी राग आला, मग सवय झाली. एकदा साहेब दोन दिवस आले नाहीत, तेव्हा त्यांनी विकासना फोन करून विचारायला लावलं. बातमी फुटली तसे रेसचे शौकीनही यायला लागले. घोड्याला घातले ते अनारसे द्या म्हणत. घोडा नववा आला होता असं मायाताई स्वच्छ सांगत, तरी ते घेऊन जात.

तीन महिने संपले, शितोळे परतले. रेसकोर्सच्या फाटकावर आता एक पाटी आहे: अनारसे आत नेण्यास सक्त मनाई.

यंदाच्या दिवाळीत क्लबच्या कचेरीतून चार डझनांची ऑर्डर आली. खसखशीसकट, असं खास कळवलं होतं. मायाताई स्वतः डबा घेऊन टॅक्सीने गेल्या. फाटकावरच्या वॉचमनने झाकण उघडून पाहिलं आणि पाटीकडे बोट दाखवलं. ऑर्डर कोणाची आहे हे सांगितलं तरी तो हलेना. त्याचं म्हणणं, नियम तो नियम. मग आत फोन गेला. जरा वेळाने खुद्द अध्यक्ष चालत बाहेर आले, डॉक्टर सौमित्र मागोमाग. डबा आत नेता येणार नव्हता आणि परत पाठवणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं.

फुटपाथवर उभं राहून अध्यक्षांनी पहिला अनारसा तोडला. हाताखाली रुमाल धरला होता, खसखस सांडू नये म्हणून.

"गूळ कोल्हापूरचाच ना?" त्यांनी विचारलं.

मायाताई हो म्हणाल्या. वॉचमनला एक देऊ केला, तर तो म्हणाला, ड्यूटी सुटल्यावर घेतो, बाहेर येऊन.