मनगटाची सोडवणूक

सरहद्दीवर दोन वर्षं काढून आमची पलटण परतली आणि भाद्रपदात मला महाड-पोलादपूरच्या भरतीवर पाठवलं. तिघेच होतो: एक हवालदार, मी लान्स नाईक आणि शिपाई धोंडू उतेकर. गणपतीला मुंबईच्या गिरण्यांतली पोरं गावी येतात, त्यांना गाठा, असा हुकूम होता. भाषणांनी पोरं भुलत नाहीत. म्हणून हवालदारांनी मनगट सोडवण्याचा खेळ काढला.

मुलकी वाचकांसाठी सांगतो. कुणी मनगट पकडलं की माणूस हात मागे ओढतो आणि तिथंच फसतो. धरणाऱ्याच्या मुठीत चार बोटं एका बाजूला असतात, अंगठा एकटा. आपलं मनगट असं फिरवायचं की हाडाची कड अंगठ्याच्या फटीवर येईल. मागे न सरता कोपर त्याच्याकडे न्यायचं आणि अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा. ताकद फारशी लागत नाही. सरहद्दीवर रायफलीसाठी हात धरणारे असत, तिथं यानंच दोनदा माझा जीव वाचला.

धोंडू पकडायचा, मी सोडवायचो. त्याचा पंजा फावड्याएवढा. सरहद्दीपासून रोज सकाळी सहाला सराव चाले, पन्नास वेळा उजवा, पन्नास वेळा डावा. हवालदार ओरडायचे, "विचार करू नको! विचार केलास की मेलास!" पुढं पुढं मला विचार लागेनासाच झाला. चहा पिताना धोंडूनं मुद्दाम पकडलं तरी हात सुटायचा आणि मगातला चहा त्याच्याच अंगावर.

"बाबू, बायकोनं हात धरला तरी पळशील रे तू!" तो म्हणायचा.

महाडच्या बाजारात, नाते, सव अशा आसपासच्या गावांत लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. मला गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनला, आम्ही पोलादपूरजवळ सावित्रीच्या काठावर उभे होतो. पलीकडच्या वाडीत धोंडूचं घर. आई दोन वर्षं वाट बघत होती. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण वर महाबळेश्वरच्या डोंगरात पाऊस असला की खाली पाणी न सांगता चढतं. हे धोंडूला माहीत नव्हतं असं नाही. घराची ओढ, दुसरं काय.

"कमरेएवढंच हाय, साहेब. लहानपणापासनं उतरतोय मी."

हवालदार पुढे, मध्ये मी, मागे धोंडू. अर्ध्यात गेलो आणि पाणी गढूळ झालं. बघता बघता छातीला लागलं.

"माघारी फिरायचं?" मी विचारलं.

"पुढं चला! थांबू नका!" हवालदार ओरडले.

धोंडूचा पाय गोट्यावरून सरकला. त्यानं मागून माझं उजवं मनगट पकडलं. मनगट फिरलं, कोपर त्याच्याकडे गेलं, झटका बसला. रोजच्यासारखं, बिनचूक. मला कळलं तेव्हा हात मोकळा होता आणि धोंडू चार हात लांब गेला होता. मी झेप घेतली. हवालदारांनी पट्ट्याला धरून मला मागे ओढलं. तिसऱ्या दिवशी भोयांना तो महाडच्या अलीकडे सापडला.

"पाय घसरला, वाहून गेला. एवढंच सांग," हवालदार म्हणाले. चौकशीच्या साहेबापुढे मी तेवढंच सांगितलं.

धोंडूच्या वडिलांना मात्र सगळं सांगितलं. ते स्वतः पलटणीतले जुने पेन्शनर. ऐकून त्यांनी आत चुलीपाशी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "हिला नको सांगू. तुझ्यात ती त्याला बघते."

मी तो हुकूम मानला. दर गणपतीत त्या घरी जात राहिलो. आई तांदळाची भाकरी पुढ्यात ठेवायची आणि दरवेळी एकच विचारायची, "शेवटाला काय बोलला काय रे माझा धोंडू?"

"नाय गो आये. वेळच मिळाला नाय."

वडील मागेच गेले. यंदा आईही गेली. आता ज्यांच्यापासून लपवायचं असं कुणी उरलं नाही.

तो बोलला होता. माझं मनगट धरून त्यानं हाक मारली होती, "बाबू, धर रे मला."