आई उडून आली ती दुपार

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. या पानावरचे असले अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. पण हे माझ्याच घरात, भर दुपारी, माझ्यासमोर घडलं... म्हणून लिहितेय.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. वडील रेल्वेत, त्यामुळे वाढलो रायपुरात, गुढ़ियारीला. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच होती. तिच्या हृदयाची झडप खराब झालेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नाहीतर काही महिनेच. पण आई जन्माची घाबरट... जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा कधी बसली नाही. "मले टेबलावर नाही मरायचं," एवढंच म्हणायची.

मे महिना होता. माझी मुलगी मिताली मैत्रिणींसोबत हिमाचलात पॅराग्लायडिंगला जायचं ठरवत होती. आम्ही दोघी मोबाइलवर गाडी, हॉटेल, हवामान बघत बसलो होतो. शेजारच्या पलंगावर आई झोपलेली. कूलर चालू असूनही घाम निथळत होता.

अचानक आई म्हणाली, "वंदे, शाल दे वं. लय थंडी हाये."

हात धरला... बर्फ! मला वाटलं, संपलं. पण ती हसत होती.

"उडून आली मी. खाली घरं कशी, ज्वारीच्या दाण्यावानी. जरासंही भेव नाही वाटलं. जिथून उडतेत ना, तिथं काठीले हिरवी ओढणी बांधली हाये."

"नानी, सपना देखा होगा," मिताली म्हणाली. फोटोंमध्ये तिथे नारिंगी कापडी नळी दिसत होती — वाऱ्याची दिशा कळायला लावतात ती. तरी गंमत म्हणून तिने बुकिंगवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. "भैया, वहाँ हरी चुन्नी बँधी है क्या?"

पलीकडून तो म्हणाला — "हाँ दीदी... रात के तूफ़ान में विंडसॉक फट गया. आज सुबह ही घरवाली की चुन्नी बाँधी. आपको किसने बताया?"

मितालीने फोन कट केला.

संध्याकाळी आई स्वतःहून म्हणाली, "डॉक्टरले सांग, ऑपरेशन करू. आता नाही भेव वाटत."

ट्रिप रद्द झाली. ऑपरेशनला नेताना तिने मितालीच्या गालावरून हात फिरवला. "काहून रडून राहिली, पोरी?" म्हणाली आणि शांतपणे आत गेली.

ती परत आली नाही.

हृदय कमजोर असलं की हात गार पडतात, असं डॉक्टर सांगतात. ओढणीचं कोणालाच सांगता येत नाही. पण मला छळतं ते वेगळंच... ती भ्यायली असती, तर आणखी थोडे महिने माझ्याजवळ असती. त्या दुपारी तिची भीती कोणी काढून घेतली, आणि तिच्या भल्यासाठी की कशासाठी — मला खरंच माहीत नाही.