ज्वारीखालची वाट

“साहेब, ह्या कागदात आमची वाट कुठं हाय?”

थावरू नाईक माझ्या टेबलासमोर उभे होते. कळमनुरीच्या बाहेर, नांदेड रोडच्या मागच्या अंगाला एक तांडा होता, त्याचे हे प्रमुख. वय साठीच्या पुढे, डोक्याला लाल पागोटं, आवाज खणखणीत. कागद म्हणजे मी काढलेला नकाशा. तांडा आणि रोड यांच्यामधल्या शेतात प्लॉट पडणार होते, त्यांची आखणी नव्या मालकाने माझ्या नकाशावर केली होती. कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून नकाशा कचेरीत लावला होता.

“कुठली वाट?” मी विचारलं.

“गाडीवाट. तांड्यातून निघती, सीधी रोडला लागती. बापजाद्यापासून आमच्या बाजाराच्या गाड्या तिथूनच जातेत.”

“तिथं वाट नाही, नाईक. मी बांध न् बांध फिरलोय.”

“कवा फिरले?”

“भादव्यात.”

नाईक चक्क हसले. “भादव्यात कशी दिसंल? तवा तिच्यावर ज्वारी ऱ्हाती.”

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आजचा हिंगोली जिल्हा, म्हणजे आमचं कळमनुरीही, तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. मी टाउन प्लॅनिंगमध्ये सर्व्हेअर, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. आमच्या पाईकरावांच्या घरात नकाशा वाचणारा मी पहिलाच, त्यामुळे थोडा ताठा होता. नाईकांच्या हसण्याने तो बराच उतरला.

मी त्यांना बसवून घेतलं आणि सगळं विचारलं. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडी चालत नाही, चाकं रुततात. म्हणून शेतमालक वाटेवरही पेरायचा. तेवढे महिने तांड्याची माणसं बांधाबांधाने पायी जायची. सुगी झाली की पहिली गाडी धसकटं मोडत निघायची आणि वाट पुन्हा तयार. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि त्यावरून कधी कुणी भांडलंही नव्हतं. पण मालकाने शेत एका व्यापाऱ्याला विकलं. उभं पीक निघालं की प्लॉट पडणार आणि मागे भिंत उठणार.

नवीन वस्तीच्या नकाशाला आम्ही ले-आउट म्हणतो. या ले-आउटचा रस्ता नांदेड रोडवरून आत शिरून शेवटच्या प्लॉटपाशी संपत होता. असा रस्ता म्हणजे डेड एंड. आत जायला तोंड आहे, पलीकडे निघायला नाही.

“मंग आमी ओढ्याला वळसा घालून जावं का? कोसभर?” नाईक म्हणाले. आता ते हसत नव्हते. “बाळंतीण अडली तर दवाखान्यात कुठून न्यावी?”

मला खरोखर लाज वाटली.

आमचे मुळे साहेब हुशार, पण तिरकस. त्यांच्याकडे जाताना मी निजामाच्या काळातला जुना नकाशाही काढून नेला. त्यात जुन्या गावाची जवळजवळ प्रत्येक गल्ली दोन्हीकडे उघडत होती. नव्या ले-आउटमध्ये मात्र जो तो आपला तुकडा आखून मोकळा. गाव लांबत चाललं होतं, पण जोडलं जात नव्हतं. हे मी साहेबांना सांगितलं.

“व्याख्यान छान. वाट दाखवा.”

“वाट जुन्या नकाशातही नाही साहेब.”

“निजामाच्या नकाशात नाही, तुमच्या नकाशात नाही. मग आहे कुठे?”

“ज्वारीखाली.”

साहेबांनी चष्मा काढला. “पाईकराव, ‘जागेवर पाहून काढला’ असं लिहून तुम्ही खाली सही केली आहे. प्रोबेशनवर आहात ना?”

“हो साहेब.”

“आठवण म्हणून विचारलं.”

तरी दुसऱ्या दिवशी ते जीप काढून आले, हे त्यांचं मोठेपण. दसरा होऊन गेला होता, कणसं भरली होती, ज्वारी डोक्याच्या वर. साहेबांना समोर नुसती ताटं दिसत होती. व्यापारी शेटजीही आले होते आणि खुशीत होते. “बघा साहेब, कुठंय वाट?”

शेताच्या मध्ये पाखरं राखायचा माळा होता, चार मेढींवर बांधलेला. नाईक म्हणाले, “साहेब, वर चढून बघा.”

साहेबांचं वजन बेताचं नव्हतं. त्यांनी मेढ हलवून पाहिली. “हा पडणार तर नाही?”

“न्हाई साहेब. आमची म्हातारी रोज इथंच बसून गोफण फिरवून राहिली. काई तकलीफ न्हाई.”

मी खालून ढकललं, आधी चढलेल्या नाईकांनी वरून ओढलं आणि साहेब माळ्यावर पोचले. पाठोपाठ मी.

तांड्यापासून नांदेड रोडपर्यंत ज्वारीत एक सरळ पट्टा होता. गाडीभर रुंद, आजूबाजूपेक्षा हातभर खुजा आणि पिवळट. वर्षानुवर्षं चाकांनी दाबलेली माती, वरवर फिरणाऱ्या वखराने ती काय मोकळी होणार! मुळं खाली जात नाहीत, पीक वाढत नाही. भादव्यात बांधावरून मला न दिसलेली वाट वरून अशी दिसत होती, जणू कुणी पट्टी ठेवून आखली आहे.

“आहे की हो,” साहेब म्हणाले.

शेटजींनी खालून विचारलं, “पण साहेब, मागचं तोंड उघडं ठेवलं तर माझे दोन प्लॉट जातील ना?”

“दोन जातील. आणि उरलेल्यांना येण्याजाण्याला दुसरी बाजू मिळेल. नवा नकाशा आणा, मग सही.”

शेटजी महिनाभर रुसले, मग नवा नकाशा घेऊन आले. रस्ता आरपार झाला. चुकीच्या सर्व्हेबद्दल मला मेमो मिळाला आणि प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. बरोबरच होतं. सुगीनंतरच्या पहिल्या बाजाराला तांड्याच्या गाड्या त्या रस्त्याने ओळीने गेल्या. मी मुद्दाम बघायला गेलो होतो आणि सांगायला हरकत नाही, माझे डोळे भरून आले. पुढे त्या रस्त्याच्या मागच्या टोकाला आणखी वस्त्या जोडल्या गेल्या आणि तांडा गावाचाच भाग झाला.

पुढे नोकरीभर मी शेताचा सर्व्हे दोनदा केला, एकदा पीक उभं असताना, एकदा निघाल्यावर. नव्या पोरांनाही हेच सांगत आलो. पण त्या भादव्यात मी आणखी चार शेतं मोजली होती. त्या शेतांवर उठलेल्या चारही वस्त्यांचे रस्ते आज भिंतीला जाऊन थांबतात. तिथून कुणी माझ्या टेबलापर्यंत आलं नाही, म्हणून मी समजून चाललो की तिथे वाटा नव्हत्या.