घुंगरमाळेच्या पहाऱ्यातली कार

बाजारात कुणाच्या तरी गाडीची काच फोडून सीटवरची पिशवी लांबवली, हे ऐकून गुडीहत्नूरच्या चंपतरावांच्या जिवाला घोर लागला. टमाटे विकून विकून त्यांनी नुकतीच जुनी कार घेतली होती. सीटवर साधा रुमाल ठेवणंही त्यांनी सोडलं, कार स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावली आणि छकड्याच्या बैलांची घुंगरमाळ कारच्या दाराच्या मुठीला बांधली.

"आता चोरानं हात तं लावून पाहावं!"

सकाळी बाजाराला निघाले, तर चाबी कारमध्येच राहिलेली आणि दार बंद! त्यांनी काचेच्या फटीतून तार घातली. माळ छनछन वाजली. बैलांना वाटलं, जुंपायची वेळ झाली. दावी तोडून दोघं धावत आले आणि शहाण्यासारख्या माना खाली घालून कारला असे भिडले, की चंपतराव मधल्यामध्ये चेंगरले.

"चोर! चोर!" म्हणत त्यांच्या पत्नी सोनाबाई स्वयंपाकघरातून उलथणं घेऊन धावल्या आणि त्यांच्याच पाठीत एक ठेवून दिली.

"अवं, मी हाय, मी!"

सोनाबाईंनी कपाळाला हात लावला. पदराची गाठ सोडून दुसरी चाबी काढली. "काऊन नाई मागितली?"

"मंग राखन पक्की हाय, हे कसं समजलं असतं?" पाठ चोळत चंपतराव खदाखदा हसले.

बैल मात्र जुंपल्याशिवाय हटेनात. शेवटी टमाटे छकड्यातूनच बाजाराला गेले. कार अंगणात सुखरूप राहिली. चोराचं सोडा, ती मालकालाही नेता आली नाही!