मृगाची हमी मी दिली

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी माझ्या मोठ्या बहिणीला फोनवर सांगितलं, की संत्र्याच्या बागेला पाणी देऊ नको, पाऊस आठ दिवसांत येतोच. पाऊस आला नाही.

आता हे सांगण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारेल. संत्र्याचं झाड मला फळ लागलेलं असलं तरच ओळखता येतं. एरवी लिंबू, मोसंबी, संत्रं सगळी माझ्या लेखी सारखीच. पण मी हयातभर शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्तीनंतर वर्ध्याच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला सदर लिहितो. फळ्यावर खडूनं नैर्ऋत्य वाऱ्याचे बाण काढून काढून माझी अशी समजूत झाली असावी, की वारा थोडाफार माझ्या सांगण्यावरून वाहतो.

त्या उन्हाळ्यात मी लागोपाठ चार लेख एकाच विषयावर लिहिले: हवामान बदलाची ओरड. मी जुन्या वळणाचा माणूस आहे. घराण्याचं पंचांग भिंतीवर, मतदान नेहमीच्या ठिकाणी आणि टीव्हीच्या बातम्यांवर अविश्वास, हे माझं त्रिदल. लेखांत मी विचारलं होतं, की वर्ध्याला ऊन काय आजकाल आलंय? आमच्या लहानपणी डांबर चपलेला चिकटून चप्पल मागे राहायची आणि आम्ही पुढे जायचो, तेव्हा कुणी लाल अक्षरांत 'आगीचा कहर' लिहून ढोल वाजवले नव्हते. नालीतला गाळ काढायचा राहिला आणि वस्तीत पाणी शिरलं, की हल्ली पुढारी आभाळाकडे बोट दाखवतो. बंधारा फुटला, बदललं हवामान. कंत्राटदार मात्र बदलत नाही. आणि ज्यांनी आयुष्यात कधी शेणात हात घातला नाही, ते थंडगार हॉलमध्ये बसून आमच्या गायीच्या ढेकरांचा हिशेब मागतात. हे सगळं मला तेव्हाही पटत होतं, आजही बरंचसं पटतं. ते मागे घ्यायला मी बसलेलो नाही.

लेख गाजले. म्हणजे ओळखीच्या सतरा-अठरा लोकांनी एकमेकांना फोनवर पाठवले. भाजीबाजारात एकानं 'सर, हाणला तुम्ही' म्हणून पाठ थोपटली. त्यानंतर मी दोन दिवस जरा ताठ चाललो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "ऋतुचक्राचं तुम्ही पाहून घ्याल, पण कुंडीतल्या तुळशीला चार दिवस पाणी नाही, ते कोण पाहणार?" मी दुर्लक्ष केलं.

माझी बहीण आर्वीकडे रोहणा गावात राहते. भावजी गेल्यापासून बाग तिची आणि तिच्या मुलाची. हा माझा भाचा चाळिशीचा, कमी बोलणारा. झाडाकडे पाहून त्याला काय दुखतंय ते सांगणारा. त्यांच्याकडे मृग बहार घेतात. म्हणजे मे महिन्यात झाडांचं पाणी मुद्दाम तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेनं घाबरतं, पानं मरगळतात, आणि मग मृगाच्या पाण्यानं ताण तुटला की झाड फुलांनी भरून जातं. किती दिवस तहानेलं ठेवायचं यातच सगळी कला. दोन दिवस कमी पडले तर फूल नाही, आठ दिवस जास्त झाले तर झाडच नाही. वर्षाचं सगळं त्या फुलोऱ्यावर.

मृग लागून चार दिवस झाले आणि आभाळ कोरडं, तेव्हा तिचा फोन आला.

"बाबू, पोरगा म्हणते का आता विहिरीचं पाणी देऊन ताण तोडू. फोनवर दाखवून राह्यले म्हणे, पंधरा दिवस पाऊस नाई. टीवीवाला बी तेच बोंबलून राह्यला. मी त्याले म्हटलं थांब, मामाले विचारू. तू पेपरात लिहितं ना."

मागून भाच्याचा आवाज आला, "आई, मामाजीले काऊन विचारतं? विहिरीत आज पाणी हाय, उद्याचा भरोसा नाई."

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच सकाळी माझा पाचवा लेख छापून आला होता. टीव्हीवाले पावसाची भीती विकतात, मृग आपला शब्द पाळतो, असं त्यात ठणकावलेलं होतं. शाईचा वास अजून बोटांना होता. अशा माणसानं दुपारी सख्ख्या बहिणीला 'टीव्हीवाला म्हणतो तसं कर' म्हणायचं? माझ्यानं झालं नाही.

"बाई," मी म्हणालो, "भावजींनी कधी टीव्हीला विचारून बाग भिजवली का? आठ दिवस थांब. विहीर राखून ठेव."

"तू म्हणतं त थांबते," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटल्यासारखा भाव होता. तो मला आजही ऐकू येतो.

आठ दिवस मी गच्चीवर जात होतो. ढग यायचे, पवनारच्या बाजूला काळे व्हायचे, आणि कुणीतरी बोलावल्यासारखे निघून जायचे. दहाव्या दिवशी मी टीव्ही लावला, आवाज बंद करून. निवेदक नकाशावर हात फिरवत होता आणि विदर्भ सगळा पांढरा होता. मी वर्गात असा नकाशा शंभर वेळा काढला असेल. पण तेव्हा त्यात कुणी राहत नव्हतं.

तीन आठवडे झाल्यावर आर्वीच्या बसनं रोहण्याला गेलो. भाचा मला सरळ बागेत घेऊन गेला. पानं दुमडून कागदाच्या पुडीसारखी झाली होती, आणि खाली इतकी पडली होती, की चालताना पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. त्यानं एका फांदीची साल नखानं खरवडली. आत हिरवं दिसायला हवं होतं, तपकिरी दिसलं. खाली सरकून पुन्हा खरवडली. तपकिरी. आणखी खाली कुठे जरासं हिरवं लागलं.

"झाडं जगतील," तो म्हणाला. "वाळल्या फांद्या तोडा लागतीन. फुलाचं मात्र झालं आता."

"मोटार लाव ना," मी म्हणालो.

त्यानं बटण दाबलं. अर्धा तास पाणी आलं, मग नळीतून नुसती हवा फुसफुसली. माझे आठ दिवस संपल्यावर त्यानं मोटार लावली, तेव्हापासून विहीर रोज एवढंच देत होती, झाडं जगवण्यापुरतं. धुऱ्याच्या बांधापलीकडे शेजाऱ्याची बाग पांढऱ्या कळ्यांनी लगडली होती. त्यानं वेळेवर विहिरीचं पाणी दिलं होतं. त्याच्याकडे आमचं साप्ताहिक येत नाही.

मला काहीतरी करायलाच हवं होतं. घरच्या हापशीवरून बादली भरून आणली आणि जवळच्या एका झाडाला घातली. भेगेत पाणी क्षणात गडप झालं, मातीचा रंगसुद्धा नीट बदलला नाही. दुसरी आणली. तिसऱ्या बादलीला पाय घसरून अर्धी धोतरावर सांडली. भाचा म्हणाला, "मामाजी, राहू द्या. कंबर धरन." तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या हातातून बादली घेतली आणि पालथी घालून मला तिच्यावर बसवलं.

संध्याकाळी बहिणीनं नेहमीसारखी भाकर वाढली, वर ठेचा वाढला, मला आवडतो म्हणून तेल जास्त घातलं. समोर टीव्ही चालू होता. एक निवेदक ओरडून सांगत होता, की विदर्भात हाहाकार, मागे वाळलेलं झाड आणि ढोल. झाड कुठल्या देशातलं होतं देव जाणे. संत्र्याचं तर नक्कीच नव्हतं. तेवढं मलाही कळत होतं.

"पाहा," मी घास हातात धरूनच सुरू झालो, "हेच मी लिहितो. लोकांचं दुःख घेऊन बाजार मांडतात. पुढच्या लेखात मी यांची..."

बहिणीनं रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे वळली.

"हा त एका बटणानं चूप होते, बाबू. तुले कुठून बंद कराव?"